शेऱ्याचा रकाना

घर म्हणजे काय, हे मला बिश्केकमध्ये
तीन दिवसांत शिकवलं.
एका चुलीवरचं जेवतात ती माणसं.
सहा महिन्यांहून जास्त बाहेर असेल
तो घरातला नाही.
वहीत मी या वाक्याखाली दोनदा रेघ ओढली,
आणि जेवणाच्या सुट्टीत सहज हिशेब केला:
माझी आई आठ वर्षं येकातेरिनबुर्गमध्ये
कुणाकुणाचे जिने पुसते.

आत-बाशीच्या पुढे टोक्तोसुनची गाडी चढाला धापा टाकते.
मागच्या सीटवर टॅबलेट, दोन चार्जर, साबणाचं खोकं.
उत्तरं देणाऱ्याला एक वडी, सही घेऊन.
ही किंमत नव्हे, आभार आहेत,
असं प्रोफेसर हेडविग दर मेलमध्ये बजावते.
टोक्तोसुन म्हणतो, बाईंना सांग,
आभारांना लिंबाचा वास मारतो.

घर क्रमांक चारशे सतरा.
सायरागुल आपा. जन्म घोड्याच्या वर्षातला,
म्हणजे एकाहत्तर, नाहीतर त्र्याऐंशी.
ती चहा ओतते आणि प्याला अर्धा होताच थांबते.
आमच्याकडे अर्धा प्याला म्हणजे बस, घाई नको,
संपला की पुन्हा ओतीन.
काठोकाठ भरून आला, की पाहुण्याने समजावं.

प्रश्न बारा. घरात माणसं किती?
"सहा."
मला दिसतात तीन: ती, सून,
आणि चुलीत शेणी सारणारा नातू.
"उलान मॉस्कोत, बांधकामावर. धाकटा त्याच्यापाशी.
आणि हे तिथे वर, टेकडीवर."
खिडकीतून मातीचे घुमट दिसतात,
त्यांवर अजून बर्फ.

सहा दाबलं की टॅबलेट सहा नावं मागतो,
सहा वयं,
आणि प्रत्येकाने गेल्या सात दिवसांत काय खाल्लं.
"उलानने?" माझ्या तोंडून निघून गेलं.
"तेच तर मी रोज फोनवर विचारते," आपा म्हणाली,
"सांगत नाही मेला."

मग मी नियम वाचून दाखवला.
सावकाश, शिकवल्याप्रमाणे, आवाजात चढउतार न आणता.
तिने ऐकून घेतलं. वर पाहिलं.
"छपराचं विचारतात का तुझ्यात?"
विचारतात. प्रश्न एकतीस.
"काय लिहिशील?"
पत्रा.
"पत्रा उलानचा आहे."
आणि तिने माझा प्याला
काठोकाठ भरला.

मी तीन लिहिलं.
साबण ठेवला, सही घेतली, बूट घातले.
गाडीत बसल्यावर शेऱ्याचा रकाना उघडला.
तिथे अडीचशे अक्षरं मावतात, त्यांत मोकळ्या जागाही धरतात.
मी लिहीत गेले: सहा म्हणते, मॉस्को, धाकटा,
पत्र्याचे पैसे कोणी पाठवले,
प्याला,
आणि "नवरा टेकडीव" इथे यंत्राने हात धरला.

चौथ्या दिवशी मेल आला.
४१७: सदस्य तीन, शेऱ्यात सहा. कृपया खुलासा करावा.
खाली, जाता जाता:
डेटा साफ करताना शेरे आपण गाळतोच,
तेव्हा फार वेळ घालवू नकोस.
साफ.
आमच्या अंगणात केर कुठला आणि अंगण कुठलं
हे झाडणारीला निदान दिसायचं तरी.

रात्री आईचा फोन.
पाठीमागे बादलीचा आवाज.
"जेवलीस का? काय जेवलीस?"
एरवी मी "हो" म्हणून विषय संपवते.
आज सुरू केलं, कालपासून मागे मागे,
प्रश्नावलीत असतं तसं:
काल बटाटे आणि नान. परवा टोक्तोसुनच्या बहिणीकडे नूडल्स,
मांस दोन तुकडे. त्याआधी बुधवारी नुसता चहा,
नाही, थांब, चहा आणि साखर, बुधवारी आम्ही
मंगळवारवर आले
तेव्हा तिकडे बादली थांबली होती.
"हं," आई म्हणाली, "पुढे?"

मेलला उत्तर द्यायचं राहिलंय.